ग्रिड उन्हावर चालवायचंय? आधी कोयनेचं पाणी राखा

कराडजवळच्या एका उपकेंद्रात 29 वर्षं यंत्रचालक होतो. पुतण्यानं विचारलं, "काका, अख्खा देश ऊन, वारा, पाण्यावर चालवायचा तर करायचं काय?" त्याला सांगितलं तेच लिहितो.

आधी फ्रिक्वेन्सी मीटरवरची नजर काढू नका. वापर वाढला की आकडा 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांच्या, खाली जातो, वीज जास्त झाली की वर. 49.90 ते 50.05 मध्ये राहायचं. आमच्या मीटरवर 49.70 दिसलं की मी चहाचा कप खाली ठेवायचो, कारण पाठोपाठ फोन यायचा, अमुक फीडर काढा, म्हणजे त्या भागाची वीजवाहिनी बंद करा. मग शिवारातून दुसरा, "आण्णा, निम्म्याच सऱ्या भिजल्यात!"

दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे पाडा आणि प्रत्येकात ऊन किती, वारा किती, याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधा. वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या आषाढात गरगरतात, कार्तिकात पाती हलता हलत नाहीत. आषाढात ऊन ढगाआड असतं, म्हणून ही जोडी बरी जमते.

खरी गोम संध्याकाळची. ऊन उतरतं आणि तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. कोळशाचा थंड सेट उभा करायला तासन् तास जातात, पाण्याचा काही मिनिटांत येतो. म्हणून 1960 मेगावॅटची कोयना दुपारी जपायची. पश्चिमेकडे विजेसाठी वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीच पाणी, तेही जून ते मे पुरवायचं. भर उन्हात ते सोडणं म्हणजे बियाण्याची ज्वारी गिरणीत नेणं. 5 एप्रिल 2020 ला रात्री नऊला देशानं दिवे मालवले, मागणी सुमारे 31,000 मेगावॅटनं पडली. त्यातले 17,000 हून जास्त जलविद्युत केंद्रांनीच उतरवले आणि दिवे लागताच परत चढवायला घेतले.

दुपारी वीज उरली तर घाटघरच्या जलविद्युत केंद्रासारखं खालचं पाणी वर चढवा, संध्याकाळी तेच सोडून वीज करा. बॅटऱ्याही लागतील, पण त्या काही तासांच्याच सोबती.

आणि शेतीपंप दिवसा चालवा. यात नवं यंत्र काही नाही, फक्त वेळ बदलायची. भावाच्या मोटारीचं टायमर मीच सकाळी दहाला लावून दिलंय. तो मात्र अजून रात्री दोनला उठून विजेरी घेऊन बांधावर जातो.