स्लॅब टाकण्याआधीच सोलर ठरवा

घर बांधून होतं, विजेचं पहिलं मोठं बिल येतं आणि मग आपण गच्चीवर सोलरसाठी जागा शोधू लागतो. तोवर टाकी बसलेली असते, कोबाही (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) झालेला असतो. घर बांधायला काढलं असेल तर हा विचार नकाशा हातात असतानाच करा.

आधी सध्याच्या घराची बारा महिन्यांची बिलं काढा. महिन्याला सरासरी ३०० युनिट जळत असतील तर ३ किलोवॉटचं सोलर पुरे. महाराष्ट्रात एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. ३ किलोवॉटसाठी सुमारे ३०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते.

मोकळी म्हणजे सावली न पडणारी, आणि घोडं अडतं ते इथेच. पुण्यात डिसेंबरअखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर येतो. पाच फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे साडेचार फूट पडते; सकाळी नऊला तर अडीच पटीहून लांब. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली आली तरी बाकीच्यांची वीज घटू शकते. म्हणून जिन्यावरची खोली आणि टाकी उत्तरेला घ्या, पॅनल दक्षिणेकडे तोंड करून. वास्तूप्रमाणे टाकी नैऋत्येलाच हवी असेल तर दुपारनंतर तिची सावली ईशान्येकडे सरकते, तेवढा पट्टा सोडा. शेजाऱ्याचा नारळही विसरू नका.

पॅनल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरचे पाय उभे करायचे छोटे कॉलम स्लॅबबरोबरच भरून घ्या. नंतर कोब्यात ड्रिल मारलं की गळती ठरलेलीच. वायरसाठी गच्चीपासून मीटरपर्यंत पाइपही आताच टाका.

आता खर्च. ३ किलोवॉटला बाजारात साधारण दीड ते दोन लाख लागतात. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे, पण पॅनल देशी बनावटीचेच हवेत आणि पैसे काम झाल्यावर खात्यात येतात. म्हणजे आधी पूर्ण रकमेची सोय करावी लागते. उरलेला खर्च साधारण चार-पाच वर्षांत बिलातून भरून निघतो.

एक गोष्ट कंत्राटदार सहसा आपणहून सांगत नाहीत. बॅटरी नसलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही सोय असते. लोडशेडिंगसाठी सोलर घेत असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

आणि गच्चीवर एक नळ काढून ठेवा. उन्हाळ्यात धूळ बसली की पॅनल सकाळी, तापायच्या आत धुवावे लागतात.