वाचताना टिपलेलं पुन्हा सापडावं म्हणून

माझं निम्मं वाचन पुणे नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांचं. त्यांत रेघ मारणं मला पटत नाही, म्हणून पानाचा फोटो काढायचा आणि गूगल लेन्सने मजकूर उचलायचा. छपाई स्वच्छ असेल तर देवनागरी चांगली उतरते. रफार आणि अनुस्वार मात्र मूळ पानाशी ताडून घ्या, आणि पुस्तकाचं नाव व पृष्ठ क्रमांक तिथल्या तिथे लिहा. पुस्तक परत गेल्यावर संदर्भ शोधत बसणं फार जिवावर येतं.

किंडल यंत्रात खुणा 'माय क्लिपिंग्ज' या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये साठतात. केबलने संगणकाला जोडून ती फाइल अधूनमधून उतरवून घ्या.

मराठी पीडीएफ असेल तर आधी एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करून बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली असेल तर अगम्य चिन्हं उमटतील. मग कितीही रंगवलंत तरी शोधात काही येणार नाही. अशा पानांनाही लेन्सच लावा.

आता हे ठेवायचं कुठे? लेख साठवून वाचायची दोन ॲप बंद पडली: ऑम्निव्होर २०२४ मध्ये, पॉकेट २०२५ मध्ये. म्हणून माझी पहिली अट एकच: सगळं टिपण साध्या फाइलींत बाहेर काढता आलं पाहिजे. ऑब्सिडियन हे टिपणांचं ॲप मी त्यासाठीच वापरते. त्याच्या फाइली आपल्याच संगणकावर राहतात. त्यात शोधताना मराठीची विभक्ती लक्षात ठेवा. 'वाडा' टाकलं तर 'वाड्यात' सापडणार नाही, 'वाड' टाका. शोधनिबंध वाचणाऱ्यांनी संदर्भ सांभाळणारं झोटेरो घ्यावं. रीडवाइज किंडलवरच्या खुणा आपोआप गोळा करून रोज थोड्या समोर ठेवतं, पण वर्गणी लागते. सगळं वाचन किंडलवर असेल तरच ती भरा.

उजळणीला अँकी, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप. अँड्रॉइडवर मोफत आहे. उतारा जसाच्या तसा टाकू नका, त्याचा प्रश्न करा. 'राजवाड्यांनी सरदार मेहेंदळ्यांबरोबर १९१० साली पुण्यात कोणती संस्था काढली?' असं विचारलं की भारत इतिहास संशोधक मंडळ स्वतःला आठवावं लागतं. जमलेलं कार्ड अँकी लांबच्या तारखेला दाखवतं, अडलेलं लवकर. प्रश्न सुचतच नसेल तर तो उतारा खुशाल ऑब्सिडियनमध्ये राहू द्या. सुंदर वाक्यांची परीक्षा घ्यायची नसते.