खाडीच्या तळाचा खारेपणा कसा मोजायचा, आमच्या बेळगाव स्टाईलने

बेळगावात बसून खाडीतल्या किड्यांचा प्रोजेक्ट काय करूलालाय म्हणून लोक हसतात. हसू द्या. आपल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगवणारी म्हादईच खाली गोव्यात मांडवी होते, म्हणजे भीमगडच्या रानात पडलेला पाऊसच तिकडच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, डोक्यावर गोडं पाणी ओततो. कणकुंबीची मलप्रभा मात्र उलटी पूर्वेला जाते, तिचा इथे संबंध नाही.

सामान लई लागत नाही. एक रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र), 0.5 मिमीची चाळण, बादली, दोरी. समुद्राचं पाणी साधारण 35 पीपीटी, म्हणजे किलोभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ. मीटर आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्याला लावून घ्या. घरच्या मिठाने तपासायचं असेल तर 36.5 ग्रॅम मीठ आणि 963.5 ग्रॅम पाणी घ्या, तेव्हा कुठे काट्यावर 35 दिसतं, कारण नुसतं मीठ आणि समुद्राचं पाणी प्रकाश सारखा वाकवत नाहीत.

आता सगळ्यात मोठी चूक: वरचं पाणी बादलीने काढायचं, आकडा लिहायचा आणि घरी यायचं. पावसाळ्यात गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं जड म्हणून खाली बसतं, त्यामुळे वर 4 आणि तळाला 20 असंही निघू शकतं, आणि आपले जीव तर तळाला. म्हणून बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी, तळाला टेकली की बूच ओढा. अजून एक, ओहोटीला चिखलात वीतभर खड्डा करून थांबा, आत जे पाणी झिरपतं ते पण मोजा. चिखलातलं पाणी हळू बदलतं, म्हणून बिळात राहणारा किडा वरच्या पुरातही तग धरतो.

चिखल चाळताना खाडीचंच पाणी वापरा हं. आम्ही पहिल्यांदा बिसलेरी ओतली, पॉलिकीट म्हणजे ते गांडुळासारखे किडे फुगले, काही फुटलेच, अर्धं सॅम्पल वाया. पण त्यातनंच विषय कळला: यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारं असतं, बाहेर अचानक गोडं झालं की पाणी आत घुसतं. तिसरी शिंपला गच्च मिटून काही दिवस काढते पण तेवढे दिवस खाणं बंद. कुर्ली, म्हणजे खेकडा, बऱ्यापैकी स्वतः मीठ सांभाळते, त्यासाठी ताकद खर्चते, आणि नाहीच जमलं तर चालत निघून जाते.

वहीत नुसती सरासरी काढू नका, चढउतार लिहा. रेमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1934 मध्ये बाल्टिकबद्दल सांगितलं की 5 ते 8 पीपीटीला जाती सगळ्यात कमी, पण तिथे भरती-ओहोटी नावाला, आपल्याकडे पाऊस एका झटक्यात सगळं पालटतो. म्हणून एप्रिल-मे, जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, निदान तीन खेपा तरी करा, आणि दर खेपेला उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) की भांग (अष्टमीच्या आसपासची छोटी) ते लिहा. जुलैत जाती कमी, पण एखाद्याच चिवट किड्याची गर्दी दिसली तर दचकू नका, चाळणीत एकूण किडे किती आणि जाती किती हे वेगवेगळं मोजा.

लगूनमध्ये, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातल्या खाजणात, तर सगळा खेळ समुद्राच्या तोंडावर. ओडिशातल्या चिल्काचं तोंड गाळाने भरत गेलं, खारेपणा उतरला, गोड्या पाण्याचं तण माजलं. 2000 च्या सप्टेंबरात नवीन तोंड कापलं तेव्हा खारेपणा परतला आणि मासे-कुर्ल्याही वाढल्या. तेव्हा लगून निवडलात तर पहिला आकडा तोंडाजवळ आणि दुसरा नदी येते तिथे, मधले नंतर. आणि बेळगावहून गोव्याला चोर्ला घाटाने जाणार असाल तर जुलैत घाटाचा रस्ता आधी विचारून घ्या, ओहोटी आपल्यासाठी थांबत नाही.