युफोनियम मांडीवर घेऊन बसताय? आधी या चुका टाळा

आपल्याकडे पितळी वाद्य म्हणजे उभ्यानं, चालत, खांद्याला पट्टा लावून वाजवायचं. वरातीत तेच चालतं, मिरवणुकीत तेच. त्यामुळे खुर्चीत बसून वाद्य कसं पेलायचं, हे कुणी शिकवतच नाही. मूल युफोनियम, म्हणजे ट्यूबासारखंच पण त्याहून लहान पितळी वाद्य, मांडीवर घेतं, फुंकायला लागतं आणि वर्षभरानं माझ्याकडे येतं: "सर, वरचे सूर लागत नाहीत." अशा वेळी मी ओठ नंतर बघतो. आधी मांडी, मग मान.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोंड वाद्याकडे नेणं. वाद्य मांडीवर ठेवलं की माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा भाग, जिथे येईल तिथे मंडळी मान वाकवून पोचतात. उंच माणूस कुबड काढतो, बुटका हनुवटी वर करतो. दोघांचाही घसा आवळतो आणि फुंक अडते.

एक अकरा वर्षांचा मुलगा आठवतो. सूर जरा वर गेला की फाटायचा. आधीच्या मास्तरांनी ओठ कमजोर ठरवून रोज तासभर लांब सूर धरायला लावले होते. आईवडिलांनी दुसरा माउथपीस विकत आणला होता. मीही पहिले दोन आठवडे ओठांवरच मेहनत घेतली. मग एके दिवशी बाजूनं पाहिलं, तर माउथपीस त्याच्या नाकाच्या रेषेत, मान मागे पडलेली आणि सगळा दाब वरच्या ओठावर. मी उंच खुर्ची आणली. काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. वाद्य मांडीवर, मांडी खुर्चीवर. खुर्ची उंच केली की सगळंच एकदम वर जातं. शेवटी वाद्य मांडीवरून उतरवून दोन मांड्यांच्या मध्ये, थेट खुर्चीच्या बैठकीवर टेकवलं. माउथपीस चार बोटं खाली आला आणि तिथल्या तिथे वरचा सूर न फाटता लागला. तोवर त्या पोराचे ओठ आम्ही विनाकारण सुजवले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

उंच वादकानं उलट करावं. मांडीवर टर्किश टॉवेलची घडी घ्यावी. फोमची उशी दबते आणि सरकते. टॉवेलची घडी हवी तशी कमीजास्त करता येते. माझ्या पेटीत एक कायम असतो. कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलानं वाद्याच्या लॅकरवर, म्हणजे चकचकीत लेपावर, ओरखडे पडतात, तेही त्यानं वाचतं. माप घ्यायची माझी पद्धत अशी: वाद्याशिवाय ताठ बसायचं, समोर बघायचं, डोळे मिटायचे आणि मग माउथपीस ओठांवर आणायचा. ओठ शोधत जावं लागलं तर घडी बदलायची. याला पाच मिनिटं लागतात. नव्या मुलांना तेवढाही धीर नसतो, त्यांना पहिल्याच दिवशी गाणं हवं असतं. मी देत नाही.

प्लास्टिकची खुर्ची ही दुसरी डोकेदुखी. कार्यक्रमाला हमखास तीच मिळते. तिची बैठक मागे उतरती आणि मध्ये खोलगट असते. माणूस मागे घसरतो, वाद्य छातीवर येतं, पोट दुमडतं आणि पूर्ण श्वास बसत नाही. एकावर एक दोन खुर्च्या रचल्या तरी उतार तसाच राहतो. मी अर्धा तास आधी जाऊन सपाट बैठकीची, हात नसलेली खुर्ची शोधतो. नाहीच मिळाली तर मागच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे सरकवतो; तेही पेटीत असतात. बसायचं पुढच्या अर्ध्या भागात, दोन्ही तळवे जमिनीला.

उजव्या हातानं वाद्य उचलून धरू नका. तो हात आवळला की व्हॉल्व्हवरची, म्हणजे सूर बदलायच्या खटक्यांवरची, बोटं जड होतात. उजवा हात पूर्ण सोडून बघा. वाद्य हललं तर धरणं चुकलं. डाव्या हातानं कवेत घ्यायचं, पण तोही हात आवळायचा नाही. चौथा व्हॉल्व्ह बाजूला असेल तर तो त्याच हाताच्या बोटानं दाबायचा असतो. साडेचार किलोंच्या आसपासचं ते वजन मांडीनं किंवा खुर्चीनंच घ्यायला हवं.

गळ्यात सॅक्सोफोनचा पट्टा अडकवून वजन पेलायची पळवाट मला अजिबात मान्य नाही. मांडीवरचं वजन मानेवर गेलं, एवढंच होतं.

पायावर पाय टाकून वाजवू नका.

नोटेशनचा स्टँड इतका खाली ठेवू नका की वाचताना मान झुकेल. भोंग्याआडून डोकावून वाचावं लागत असेल तर स्टँड सरकवा, मान नको.

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनवाल्यांनी कोपर मांडीला किंवा बरगड्यांना टेकवू नये. आणि लहान मुलाच्या मांडीवर ट्यूबा कधीच देऊ नका. वाद्य टेकवायचा स्टँड आणा. तो येईपर्यंत वाद्य खुर्चीच्या बैठकीवर टेकवा आणि मुलाला त्याच्यामागे नीट बसवा.