वजनकाट्याचं रीडिंग पायथनमध्ये घेताना

भोसरी एमआयडीसीत ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये वजनकाट्याचं रीडिंग थेट कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं होतं, आकडे वहीत लिहून मग परत टाइप करणं बंद व्हावं म्हणून. कोड जेमतेम पंधरा ओळींचा झाला, वेळ गेला तो सगळा कोडच्या आधी, म्हणून तिथूनच सुरू करतो.

काट्याच्या मागे नऊ पिनांचा सॉकेट असेल तर ते बहुतेक आरएस-२३२, म्हणजे जुन्या धर्तीचं सिरियल पोर्ट असतं. ते कॉम्प्युटरला जोडायला यूएसबी कन्व्हर्टर पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल, पण दुकानात नऊ पिनांचा आरएस-२३२ वाला असंच मागा. चार-पाच पिनांचे जे छोटे बोर्ड मिळतात ते टीटीएलचे, म्हणजे कमी व्होल्टच्या सिग्नलचे, ३.३ नाहीतर ५ व्होल्टचे, आणि आरएस-२३२ च्या लाइनवर उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं, थेट जोडलं तर बोर्ड जळेल.

घरी आणला की लगेच काटा जोडू नका. आधी कन्व्हर्टरची २ आणि ३ नंबरची पिन वायरीच्या तुकड्याने शॉर्ट करा. मग पिपने (पायथनची पॅकेजं टाकायचा प्रोग्राम) पायसिरियल ही सिरियल पोर्ट वाचायची लायब्ररी टाका (नुसतं सिरियल नावाचं पॅकेज वेगळंच आहे, ते नको, कोडमध्ये इम्पोर्ट मात्र सिरियलच करायचं). पायसिरियलसोबत मिनिटर्म नावाचं छोटं टर्मिनल येतं, ते उघडून काहीतरी टाइप करा, अक्षरं परत दिसली म्हणजे कन्व्हर्टर, ड्रायव्हर, पोर्टचं नाव सगळं बरोबर आहे. उबुंटूवर परमिशन डिनाइड आलं तर यूजरला डायलआऊट ग्रुपमध्ये (ज्याला सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असते) घाला आणि लॉगआऊट करून परत या.

आता वायर काढून काटा लावा. अगम्य अक्षरं आली तर बहुतेक बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) चुकलाय, ९६००, ४८००, २४०० करून बघा, तरी नाही जमलं तर पॅरिटी (चूक पकडायच्या जादा बिटची सेटिंग) बघा. काहीच येत नसेल तर आधी काट्याच्या सेटिंगमध्ये आउटपुट चालू आहे का बघा, मग केबल. आमच्याकडे केबलच सरळ होती, क्रॉस (२ आणि ३ नंबरच्या वायरी अदलाबदल केलेली) हवी होती, दोन तास त्यात गेले.

कोडमध्ये पोर्ट उघडताना टाइमआउट १ सेकंद द्याच, नाहीतर काटा बंद असला की रीडलाइन (एक ओळ वाचणारं फंक्शन) तिथेच अडकून बसते. हातात येतात ते बाइट्स, स्ट्रिंग नाही, त्यामुळे डीकोड करा, पण पहिल्या दिवशी कच्चे बाइट्सच प्रिंट करून बघा, स्पेस किती, ओळ कशाने संपते ते तिथेच कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बफर, आलेला पण अजून न वाचलेला डेटा जिथे साठतो ती जागा. बरेच काटे सेकंदाला अनेक ओळी सतत पाठवत राहतात आणि तुमचा स्क्रिप्ट मध्ये दुसरं काही करत थांबला तर त्या ओळी साठत जातात, मग स्क्रीनवर जे वजन दिसतं ते मघाच्या पेटीचं असतं! एरर काहीच येत नाही आणि चुकीचं वजन चलनावर जातं, हे फार वाईट. म्हणून प्रत्येक रीडिंगच्या आधी रीसेट इनपुट बफर करून तो रिकामा करा, नंतरची पहिली ओळ अर्धवट असू शकते म्हणून ती टाकून द्या, दुसरी घ्या. काटा ओळीच्या सुरुवातीला एसटी किंवा यूएस पाठवत असेल तर एसटी म्हणजे वजन स्थिर झालंय, यूएस म्हणजे अजून हलतंय, फक्त एसटीचीच ओळ सेव्ह करा.