फाट्यावरची टवाळखोरी थांबवायची कशी

एसटीत २७ वर्षं कंडक्टर होतो, औसा-निलंगा रस्त्याला. रिटायर झाल्यावर गावच्या फाट्यावर चहाला बसू लागलो, तेव्हा ध्यानात आलं. साडेसातच्या बसला जूनमध्ये ९ पोरी चढायच्या, दिवाळीनंतर ५. एका बापाला विचारलं तर म्हणे, "घरी काम असतंय, काका." काम कसलं! निवाऱ्याला लागून टपरी, टपरीपुढं तीन मोटारसायकली, आणि पोरी दिसल्या की उभ्या गाडीला रेस. पास फुकट आहे, तरी शाळा सुटते ती अशी. अन् घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला वेळ लागत नाही.

पहिली चूक माझीच. एकाच्या कानाखाली वाजवली. त्यावरून भावकी भिडली, पोरीचं नाव गावभर झालं, तिची शाळा तिथंच संपली. म्हणून हात उचलू नका, आणि पोरीचं नाव कुठंच घेऊ नका.

दोन-दोन म्हाताऱ्यांची पाळी लावा, दोन्ही वेळच्या बसला. बोलायचं काही नाही, निवाऱ्यात नुसतं बसायचं. जवळ वही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, काय घडलं. कंडक्टर वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरतो तसं जागच्या जागी लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेल्यात ठाण्यातला जमादार दहा फाटे फोडतो. मग पोराच्या घरी जा. बाप आधी आपल्याच अंगावर येतो, त्यापेक्षा आईला नाहीतर आजीला गाठा. आमच्याकडं तिघांतले दोघं तेवढ्यावर गप झाले.

तिसरा शाळेपर्यंत मागं जायचा. इथं तंटामुक्तीची बैठक कामाची नाही. पोरगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, ते गावात मिटवायचं प्रकरण नव्हे. तातडीला ११२, नाहीतर ठाण्यात लेखी तक्रार. पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पहिल्या वेळेलाच ३ वर्षांपर्यंत शिक्षा. आईबाप ठाण्याची पायरी चढायला कचरतात. त्यांना सांगा, पोक्सोत लेकराचा जबाब घरी घेता येतो, होईल तोवर बाई अधिकारीच घेते, आणि अंगावर वर्दी नसते.

थंडीत संध्याकाळची बस अंधारात येते, बॅटरी न्या. दहावीचे जादा तास रविवारीही असतात. शाळेत आधी विचारून पाळी लावा.