बैठकीत साथीला बसताय? खान्देशातल्या तबला-पेटीवाल्यांनो, या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचा फोन आला. तबल्याची विशारद परीक्षा पास झालेला, हात तयार, बोल स्वच्छ. तीनताल एकट्याने वीस मिनिटं वाजवला तर ऐकणारा मान डोलावतोच. पण ख्याल गाणाऱ्या एका ताईंच्या साथीला पहिल्यांदाच बसला आणि मध्यंतरात त्यांनी चहाचा कप हातात देत विचारलं, "दादा, पुढचा राग तुम्हीच घेता का?" पोरगा रात्रभर झोपला नाही. मला म्हणाला, "सर, माझं चुकलं कुठं? एकही मात्रा सुटली नव्हती."

चूक तिथंच होती. त्याने मात्रा मोजल्या, गाणं ऐकलं नाही.

पाश्चात्त्य संगीतात 'चेंबर म्युझिक' म्हणतात ते म्हणजे मूळचं खोलीतलं संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौकडी बसते. समोर काठी हलवणारा कंडक्टर नसतो, एकमेकांचा श्वास बघून चौघं सुरू करतात. आपली बैठक त्याच जातीची आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे पोरं शिकतानाच चौघं मिळून तालीम करतात, आणि आपल्याकडे तबल्याचा क्लास वेगळा, पेटीचा वेगळा, गाण्याचा तिसऱ्याच गल्लीत. मंचावर बसल्यावर पहिल्यांदा गाठ पडते. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची बहुतेक पोरं याच वाटेने येतात, मीही तसाच आलो. त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून झालेल्या आहेत.

परीक्षेलाच तालीम समजणं

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी गावोगावी संगीत पोचवलं, हे मान्यच. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकार अशी पायरी-पायरीने चढण असते, मुलाला शिस्त लागते. दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून आमच्याकडे आठवी-नववीत क्लास भरून वाहतो आणि दहावीचा निकाल लागला की निम्म्या सतरंज्या रिकाम्या होतात. त्याबद्दल तक्रार नाही, जे उरतात ते आपले.

पण परीक्षेच्या खोलीत उलटं चित्र असतं. पेटीवाला तुमच्यासाठी लेहरा, म्हणजे तालाची एकच फिरती सुरावट, धरून बसतो, परीक्षक तुमचे कायदे-रेले, म्हणजे तबल्याच्या पाठ केलेल्या रचना, ऐकतात, मुख्य कलाकार तुम्ही. सहा-सात वर्षं ही सवय लागली की बैठकीतही माणूस आपला कायदा कुठं घुसवता येईल याचीच जागा शोधत बसतो.

उपाय साधा आहे, पण कंटाळवाणा. विशारदच्या अभ्यासाला लागण्याआधीच आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणातरी गाणाऱ्याकडे नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ ठरलेले बोल, धरायला जा. गाणारा फार मोठा नसला तरी चालेल, बेताल असेल तर आणखी बरं. बेताल गायकाला सांभाळलेला तबलजी पुढे कुठंही घाबरत नाही.

ठेका म्हणजे 'काही नाही' असं वाटणं

विलंबित, म्हणजे संथ एकतालात एका मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, 48 सेकंदांचं होतं. जवळजवळ एक मिनिट. त्यात तुम्हाला फक्त 'धिं धिं धागे तिरकिट तू ना क त्ता धागे तिरकिट धी ना' एवढंच म्हणायचं आहे. घड्याळ लावून करून बघा. चौथ्या मात्रेचं तिरकिट आलं की नव्या हाताची गडबड हमखास होते. चार सेकंदांत पसरायचे चार बोल तो एका सेकंदात उडवतो आणि मग तीन सेकंद काय करू म्हणून डग्ग्यावर तळहात घासून घिस्सा मारतो. दहाव्या मात्रेला पुन्हा तेच. पाच आवर्तनांत लय इतकी वर सरकते की गाणाऱ्याचा आलाप समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, आधीच कापला जातो.

माझ्या गावाकडे एक म्हातारे तबलजी होते, आयुष्यभर भजनी मंडळात आणि कधीमधी बैठकीत वाजवलेले. मी त्यांच्यासमोर एकदा फार तयारी दाखवली. ऐकून झाल्यावर विडी विझवत म्हणाले, "भाऊ, तुना हात चालस, पन कान चालत नही." त्यांनी मला महिनाभर विलंबितचा नुसता ठेका दिला. पहिल्या आठवड्यात राग आला, दुसऱ्यात झोप आली, तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकू आलं की गाणारी व्यक्ती दहाव्या मात्रेपासून मुखड्याकडे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे, वळायला लागते आणि त्या वेळी तबला किंचित मोकळा ठेवला तर ती निवांतपणे समेवर येते.

तबलजी अहमदजान थिरकवा एकल वादनात कुठल्या उंचीचे होते ते सांगायला नको. तोच माणूस गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करायचा. थिरकवांना साथ करण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला वाटायचं कारण काय?

रोजच्या रियाजात अर्धा तास विलंबित एकताल, झुमरा किंवा तिलवाडा यांपैकी एक ताल, तोही एखादी जुनी मैफल लावून तिच्याबरोबर. आणि भरणा, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत घातलेले जादा बोल, शून्य. आपला हात रेकॉर्ड करा आणि पहिल्या-शेवटच्या आवर्तनाचे सेकंद मोजा. फरक दिसला की लाज वाटते, आणि लाज वाटली की लय थांबते.

एकच तबला घेऊन निघणं

ही चूक फार महागात पडते आणि तिच्याबद्दल क्लासात कुणी बोलत नाही.

गायकाचा षड्ज पेटीच्या कुठल्या पट्टीवर, त्यावरून त्याचा सूर सांगतात; पुरुष गायक बहुधा काळी एक-काळी दोनच्या आसपास गातात, म्हणून घरात काळी एकचा तबला असतो आणि तोच पिशवीत जातो. तिथं गेल्यावर कळतं की गाणाऱ्या ताईंचा सूर काळी चार. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "काही बिघडत नाही, काळी एक म्हणजे काळी चारचा मध्यमच, चौथा स्वर की!" बरोबर आहे. पण ताईंनी भूप राग लावला तर? भूपात मध्यमच नाही. चाटेवरच्या, म्हणजे तबल्याच्या कडेवरच्या, प्रत्येक टोल्याबरोबर रागात नसलेला स्वर तुम्ही दीड तास ऐकवत राहता. पंचमात, म्हणजे पाचव्या स्वरात, लावायचा तर तबला काळी दोनला चढवावा लागतो आणि पुडी, म्हणजे वरचं कातडं, जुनी असली तर ती तेवढं ताणू देत नाही. मालकंस असेल तर त्याउलट, तिथं पंचम वर्ज्य, आणि काळी एकचा तबला अगदी बरोबर बसतो.

म्हणून आदल्या दिवशी फोन करून दोन प्रश्न विचारायचे: सूर कुठला, आणि साधारण कोणते राग. गायक चिडत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना. शक्य असेल तर मोठ्या तोंडाचा, काळी चारला लागणारा दुसरा तबला हळूहळू जमवा. सुरुवातीला परवडत नाही, हे मला माहीत आहे. मी चार वर्षं एका मित्राचा उसना नेत होतो, बदल्यात त्याच्या पोराला शिकवत होतो.

ऊन आणि कूलर

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. कोरड्या उन्हात कातडं आकसतं आणि तबला चढतो, दमट हवेत सैलावून उतरतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. तरी लोक तबला गाडीच्या डिकीत ठेवून भुसावळहून चोपड्याला जातात आणि उतरल्यावर पुडीच्या मधल्या काळ्या शाईला तडा बघून कपाळाला हात लावतात. एसटीने जात असाल तर वर कॅरिअरवर नको, पायाशी ठेवा, दोन जाड खोळी घाला.

पण खरा दगा देतो तो कूलर. एका एप्रिलमध्ये धुळ्याच्या एका घरगुती बैठकीला गेलो होतो. यजमानांनी हौसेने मोठा कूलर आणला आणि माझ्या पाठीशी लावला. तबला मी आतल्या खोलीत, कोरड्या हवेत मिळवला होता, एकदम चोख. बाहेर येऊन बसलो आणि संथ लयीतला बडा ख्याल सुरू झाला. तिसऱ्या आवर्तनाला चाट जड वाटायला लागली. पाचव्याला गायकाने डावा कान जरा माझ्याकडे वळवला. सातव्याला त्यांनी माझ्याकडे बघितलंच. पाण्याची ओली हवा सरळ पुडीवर येत होती आणि तबला सावकाश खाली निघाला होता. मी हातोडी घेतली आणि घाबरून एकाच बाजूला तीन ठोके दिले. झालं. आता तबल्याच्या कडेवरच्या, वाद्यांमधल्या सोळा घरांत दोन-तीन सूर झाले.

तेव्हा जे करायला हवं होतं ते असं. जिथं वाजवायचं तिथंच, कूलर-पंखा चालू करून, तबला अर्धा तास आधी खोळ काढून ठेवायचा आणि मगच मिळवायचा. मैफलीत उतरला तर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, वरून हलका ठोका, लगेच समोरच्या घराला तितकाच, मग काटकोनातल्या दोन घरांना. चढला असेल तर तोच ठोका खालून. वाद्यांखालच्या लाकडी गट्ट्यांना हात मध्यंतराशिवाय लावायचा नाही. आणि हे सगळं गायकाचा आलाप लांबलेला असताना, समेच्या जवळ कधीच नाही.

तेव्हापासून यजमानांना माझा पहिला प्रश्न असतो, कूलर कुठं आहे? परवा एकाने अभिमानाने सांगितलं, "तुम्ही काळजीच करू नका दादा, खास तुमच्या मागेच लावलाय."

पेटीवाल्यांसाठी थोडं

मी पेटीवाला नाही, त्यामुळे बेताने बोलतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. एक आक्षेप असा की तिचे स्वर ठरलेले, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. बंदी उठली, पण आक्षेपात तथ्य आहे. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार गायक झुलवत असतो आणि पेटीवाला पट्टी दाबून धरतो, तेव्हा दोन गंधार ऐकू येतात. तिथं बोट उचला. नुसता षड्ज धरून ठेवा किंवा गप्प बसा, आणि गायक स्थिर स्वरावर आला की मागे जा. गायकाच्या आधी पुढच्या स्वरावर जाऊन बसणारा पेटीवाला मी फार बघितला. त्याला वाटतं की आपण हुशारी दाखवली.

कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ आणि तंतू पेटीत जातात आणि एखादा स्वर करकरतो किंवा मुका होतो. पट्टी जोरात आपटू नका. वरची फळी काढा, त्या सुराच्या पितळी जिभेखालून पातळ कागदाची पट्टी हळूच सरकवा, जिभेला नख लावू नका. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं.

महिन्याची पुणे-मुंबई वारी

गुरू मुंबईला किंवा पुण्याला, आपण जळगावला. रेल्वेने मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. शनिवारी रात्री गाडीत बसायचं, रविवारी तालीम, सोमवारी पहाटे परत. असे अनेक जण करतात आणि त्यांच्या चिकाटीला सलाम. चूक इतकीच होते की तिथून वहीभर बंदिशी आणि तुकडे आणले जातात आणि इथं महिनाभर ते एकट्याने घोटले जातात. गुरूकडे जाताना 'नवीन काहीतरी द्या' म्हणण्याऐवजी आपलं साथीचं रेकॉर्डिंग न्या आणि ते ऐकवून विचारा, मी कुठं आडवा आलो? हे ऐकायला कठीण जातं. एकदा माझ्या गुरूंनी चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून सात जागा काढून दिल्या आणि त्या दिवशी नवीन काहीच शिकवलं नाही. तिकिटाचे पैसे वसूल झाले ते त्या दिवशी.

लग्नसराईचा हात

ऑर्केस्ट्रा, देवीचे जागर, भजन, लग्नातली संगीत संध्या, यावर आपल्याकडच्या कलाकाराचं घर चालतं. त्यात कमीपणा कसला? भजनी ठेक्याने माझा डावा हात सुधारला. पण सलग पंधरा दिवस ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या शेजारी बसून वाजवलं की हात जड होतो आणि ख्यालाच्या साथीला बसल्यावर पहिल्या टोल्यालाच सगळी सतरंजी दचकते. मध्ये तीन-चार दिवस फक्त तानपुरा लावून, बोटांच्या टोकांनी, माइक न लावता वाजवा. हात परत येतो.

फॉर्म, वय, पैसे

सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे, सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची 18 ते 25 साठी. आपल्याकडे चौकशी होते तेव्हा पोरगा पंधराचा किंवा सव्वीसचा झालेला असतो. आकाशवाणीच्या श्रेणी बी, बी हाय, ए आणि टॉप अशा चढत्या. ऑडिशनला जाताना एकल वादनाची तयारी करतात आणि आपण साथीदार म्हणूनही तिथं ओळखले जाणार हे विसरतात. कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर मंडळाच्या परीक्षांवर विसंबू नका, जाहिरातीत विद्यापीठाची पदवी आणि नेट ही पात्रता परीक्षा मागतात का ते आधी वाचा. कॉलेजात असाल तर विद्यापीठाच्या युवारंग युवक महोत्सवात स्पर्धेपेक्षा दुसऱ्या कॉलेजच्या गाणाऱ्यांची ओळख करून घेण्यासाठी जा.

मानधन फोनवरच बोलायचं, प्रवास आणि मुक्काम धरून. "तुमच्या मनाला येईल ते द्या" असं म्हटलं की शाल आणि नारळ येतो. माझ्याकडे अकरा शाली आहेत.

साउंडवाला

आपल्याकडे शास्त्रीय बैठकीलाही बहुधा डीजेवालाच साउंड लावतो. मन लावून लावतो, पण त्याचा कान ढोलावर तयार झालेला असतो. बसल्या बसल्या त्याला जवळ बोलवा, चहा द्या आणि तीन गोष्टी सांगा: मॉनिटरमध्ये तानपुरा आणि गायक मोठा, तबला कमी, एको बंद. मग आलाप सुरू होण्याआधी एकदा मागे वळून त्याच्याकडे बघा. तो अंगठा दाखवेल आणि म्हणेल, "डग्ग्याला बेस वाढवून दिलाय दादा." तेव्हा उठून त्याच्याकडे जा. गायकाला दोन मिनिटं थांबू दे.